खानदेशातील वनपिंगळा : जीवांच्या वितरणाचे ज्ञान आणि नमुनापद्धतींचा इतिहास (१८७२ ते २०१८)

प्रस्तावना

कोणता जीव कोठे राहतो आणि तो तेथेच का राहतो, हे परिस्थितिकीचे दोन पायाभूत प्रश्न होत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नोंदींवरून मिळते, तर दुसऱ्याचे उत्तर त्या नोंदींचा अन्वयार्थ लावून शोधावे लागते. नोंदी अपुऱ्या किंवा खोट्या असल्या तर अन्वयार्थही फसतो. महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत तापमान, पर्जन्य, मृदा, अन्न, स्पर्धा, भक्षण या घटकांचे विवेचन एका प्रकरणात येते आणि नमुनापद्धतींचे विवेचन दुसऱ्या प्रकरणात येते. त्यामुळे या दोन विषयांचा परस्परसंबंध विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

हा संबंध उलगडून दाखविणारे एक महत्त्वाचे उदाहरण खानदेशच्या भूमीत घडले आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारा वनपिंगळा हा लहान आकाराचा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर तब्बल ११३ वर्षे शास्त्राच्या दृष्टीने हरवलेला होता. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मधल्या काळात त्याचा शोध का फसला, तो कशामुळे यशस्वी झाला आणि त्यातून जीवांच्या वितरणाच्या अभ्यासाला कोणता धडा मिळाला, याचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मराठीत 'नमुना' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. संग्रहालयात जतन केलेला जीव हाही नमुना आणि मोठ्या समूहाविषयी अनुमान करण्यासाठी निवडलेला अंश हाही नमुनाच. पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे झालेला प्रवास म्हणजेच या विषयाचा इतिहास होय.

खानदेशाची भौगोलिक पार्श्वभूमी

ब्रिटिश अमदानीतील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे विभाजन झाले. पुढे त्यांचेच जळगाव व धुळे हे जिल्हे झाले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. हा प्रशासकीय तपशील येथे आवश्यक आहे, कारण जुन्या नोंदींतील 'खानदेश' किंवा 'पश्चिम खानदेश' हे स्थलनाम आजच्या कोणत्या भूभागाशी जुळते हे ठरविल्याशिवाय त्या नोंदींचा उपयोग करता येत नाही.

प्राकृतिक दृष्ट्या या प्रदेशात थोड्या अंतरावर मोठे बदल दिसतात. जळगाव शहराला लागून असलेल्या पिंप्राळ्यापासून उत्तरेकडे निघाल्यास प्रथम कापूस व केळीची काळी जमीन, नंतर तापीचे पात्र व तिच्या काठची खोल घळींची गाळजमीन, पुढे यावल परिसरातील पायथ्याचा उतार आणि शेवटी सातपुड्याचे शुष्क पानझडी वन असा क्रम लागतो. मैदानात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. सातपुड्याच्या उतारांवर साग, सालई, धावडा, अंजन असे कोरड्या हवामानाला सरावलेले वृक्ष आढळतात. एका दिवसाच्या प्रवासात इतके भिन्न अधिवास ओलांडता येत असल्यामुळे कोणता घटक कोणत्या जीवाला कोठे थांबवितो, हे पाहण्यास हा प्रदेश सोयीचा आहे.

अधिवास ठरविणारे घटक : विचाराचा विकास

जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८४० मध्ये शेतीच्या संदर्भात न्यूनतम घटकाच्या नियमाला प्रसिद्धी दिली. पिकाची वाढ सर्वांत कमी प्रमाणात उपलब्ध असलेल्या पोषकद्रव्यावर अवलंबून असते, असा त्याचा आशय होता. व्हिक्टर शेल्फर्ड याने १९१३ मध्ये त्यात महत्त्वाची भर घातली. प्रत्येक घटकाची किमान मर्यादा असते तशी कमाल मर्यादाही असते, आणि या दोन मर्यादांच्या दरम्यानच जीव तग धरू शकतो, हा त्याचा सहिष्णुतेचा नियम होय. १९१७ मध्ये जोसेफ ग्रिनेल याने कॅलिफोर्नियातील एका पक्ष्याच्या अभ्यासावरून 'निश' ही संकल्पना पुढे आणली. हवामान, वनस्पती-आवरण, अन्न आणि आश्रय यांचा विशिष्ट मेळ जेथे जुळतो तेथेच तो पक्षी आढळतो, असे त्याने दाखविले.

वनपिंगळ्याला हे विचार लागू करून पाहिले असता पुढील चित्र दिसते. तो शुष्क पानझडी, विशेषतः सागाच्या, तुलनेने मोकळ्या वनात राहतो. त्याला घरट्यासाठी जुन्या वृक्षांच्या ढोली लागतात. सरडे, उंदीर व कीटक हे त्याचे भक्ष्य आहे. मोकळ्या जागी उघड्या फांदीवर बसून भक्ष्यावर झडप घालण्याची त्याची रीत आहे. इतर अनेक घुबडांप्रमाणे तो केवळ निशाचर नसून दिवसाही सक्रिय असतो. साहजिकच ढोली असलेले वृक्ष तोडले गेल्यास हवामान अनुकूल असूनही तो तेथे टिकू शकत नाही. येथे ढोली हा मर्यादा घालणारा घटक ठरतो. शेतांत व गावांत राहणारा नेहमीचा ठिपकेवाला पिंगळा हा त्याचा जवळचा नातेवाईक आहे. त्याच्या डोक्यावर स्पष्ट पांढरे ठिपके असतात. वनपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात, त्याच्या शेपटीवरील पट्टे रुंद असतात आणि पायांवर दाट पांढरी पिसे असतात. हे फरक लक्षात न घेतल्यास एकाची नोंद दुसऱ्याच्या नावावर जाण्याचा धोका राहतो.

आज हे सर्व सहज सांगता येते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पक्ष्याविषयी उपलब्ध असलेले ज्ञान संग्रहालयातील मूठभर कातड्यांपुरते मर्यादित होते.

संग्राहकांचा काळ : १८७२ ते १८८४

१८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट याने आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर परिसरात या पक्ष्याचा पहिला नमुना मिळविला. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम याने १८७३ मध्ये 'स्ट्रे फेदर्स' या आपल्या नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ब्लेविटच्या सन्मानार्थ त्याला हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी असे नाव दिले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे इतिहासात परिचित झालेला ह्यूम तो हाच. त्यानंतर भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल याला १८७७ मध्ये ओडिशातील खरियार येथे आणखी एक नमुना मिळाला.

खानदेशातील नमुन्यांचे श्रेय जेम्स डेव्हिडसन याच्याकडे जाते. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील हा अधिकारी शहादा-तळोदा भागात काम करीत असताना पक्ष्यांच्या नोंदी ठेवीत असे. पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची त्याने तयार केलेली यादी १८८२ मध्ये 'स्ट्रे फेदर्स'मध्ये प्रसिद्ध झाली. महसुली दौऱ्याच्या निमित्ताने खेडोपाडी फिरणाऱ्या अधिकाऱ्याने केलेले हे काम आजही या प्रदेशाच्या पक्षीजीवनाचा पायाभूत दस्तऐवज आहे. १८८० च्या दशकाच्या प्रारंभी त्याने या भागात वनपिंगळ्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी खात्रीने कोणालाच दिसला नाही. जगातील सर्व संग्रहालयांत मिळून त्याचे जेमतेम सात नमुने उरले.

या काळाच्या पद्धतीचे गुण आणि दोष दोन्ही ध्यानात घ्यावे लागतात. नमुना हा पडताळता येण्याजोगा पुरावा असतो. दीडशे वर्षांनंतरही तो पुन्हा तपासता येतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु संग्राहक आपल्या नोकरीच्या, शिकारीच्या किंवा मुक्कामाच्या सोयीने फिरत. कोठे शोधले आणि काही मिळाले नाही, याची नोंद ते ठेवीत नसत. फुलझर आणि शहादा यांच्यामध्ये आठशे किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. मधल्या प्रदेशात पक्षी नव्हता की पाहणारा नव्हता, हे सात कातड्यांवरून सांगता येणे शक्य नव्हते.

खोटी नोंद आणि दिशाभूल

या अपुऱ्या माहितीत पुढे एका बनावट नोंदीची भर पडली. ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्टझहागेन (१८७८–१९६७) याच्या संग्रहात वनपिंगळ्याचा एक नमुना होता. तो १९१४ मध्ये गुजरातमधील तापीकाठच्या मांडवी येथे मिळविल्याचे त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते. ही नोंद खरी मानल्यामुळे दोन समजुती रूढ झाल्या. पहिली म्हणजे हा पक्षी १९१४ पर्यंत निश्चितपणे अस्तित्वात होता आणि दुसरी म्हणजे त्याचे क्षेत्र पश्चिमेला मांडवीपर्यंत पसरलेले होते. १९७० च्या दशकात डॉ. सालिम अली व एस. डिलन रिप्ली यांच्यासारख्या अधिकारी अभ्यासकांनीही या पक्ष्याचा शोध घेतला, पण तो सापडला नाही. हळूहळू तो नामशेष झाला असावा, असे मानले जाऊ लागले.

माइनर्टझहागेनच्या संग्रहाविषयी पक्षीशास्त्रज्ञांमध्ये कुजबुज जुनी होती. १९९३ मध्ये ॲलन नॉक्स यांनी त्याच्या काही नमुन्यांची चिकित्सा करून फसवणुकीचा पुरावा प्रसिद्ध केला. दक्षिण आशियाई पक्ष्यांवरील ग्रंथाच्या निमित्ताने स्मिथ्सोनियन संस्थेत काम करणाऱ्या पामेला रासमुसेन यांनी नायजेल कॉलर यांच्यासह वनपिंगळ्याच्या सर्व नमुन्यांची बारकाईने तपासणी केली. त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'आयबिस' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मांडवीचा म्हणून दाखविलेला नमुना मुळात डेव्हिडसनने खानदेशात मिळविलेला होता. तो ब्रिटिश संग्रहालयातून नाहीसा करून, उसवून व पुन्हा भरून, नव्या चिठ्ठीसह सादर करण्यात आला होता. प्रत्येक संग्राहकाची कातडे भरण्याची एक ठरावीक रीत असते. ती रीत पुरती पुसता आली नाही आणि त्यावरून ही फसवणूक उघड झाली.

या घटनेचा खानदेशच्या दृष्टीने अर्थ असा की, या भूमीतील एक खरी नोंद येथून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवली गेली होती. नमुना खरा होता, पक्ष्याची ओळखही बरोबर होती. खोटे होते ते केवळ स्थळ आणि वर्ष. वितरणाच्या अभ्यासात मात्र हे दोन तपशीलच सर्वाधिक मोलाचे असतात.

शहादा, नोव्हेंबर १९९७

खोटी नोंद बाजूला केल्यावर शोधाची दिशा स्पष्ट झाली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतात आले. त्यांनी आधी पूर्वेकडील जुन्या स्थळांच्या परिसरात शोध घेतला, पण तेथे यश आले नाही. त्यानंतर ते डेव्हिडसनच्या कार्यक्षेत्राकडे वळले आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, दिवसाउजेडी त्यांना वनपिंगळा दिसला. त्याचे छायाचित्रण व चित्रीकरणही करण्यात आले. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते.

हा शोध योगायोगाचा नव्हता. संग्रहालयातील चिठ्ठ्या, संग्राहकांचे दौरे, जुनी स्थलनामे आणि बदललेल्या प्रशासकीय सीमा यांचा मेळ घालून शोधाचे क्षेत्र आखले गेले होते. इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित असलेली साधनचिकित्सा येथे जीवशास्त्राच्या कामी आली. साधनाची अस्सलता प्रथम ठरवावी आणि मगच त्यावरून निष्कर्ष काढावा, हा नियम दोन्ही शास्त्रांना सारखाच लागू आहे.

नमुन्याकडून नमुनापद्धतीकडे

एक पक्षी दिसल्याने तो अस्तित्वात असल्याचे सिद्ध झाले. पण तो किती आहे, कोठवर पसरलेला आहे आणि कशावर अवलंबून आहे, हे प्रश्न शिल्लकच होते. त्यासाठी नमुनापद्धतींची गरज होती. या पद्धतींचा स्वतंत्र इतिहास आहे. अमेरिकेतील नेब्रास्कात पाउंड व क्लेमेन्ट्स यांनी १८९८ च्या सुमारास ठरावीक मापाच्या चौकटीत वनस्पती मोजण्याची रीत रूढ केली. डॅनिश शास्त्रज्ञ पीटरसन याने १८९६ मध्ये माशांना खुणा करून पुन्हा पकडण्याचे तंत्र वापरले आणि फ्रेडरिक लिंकन याने १९३० मध्ये पाणपक्ष्यांच्या संख्येच्या अनुमानासाठी तेच तत्त्व उपयोगात आणले. एका जागी स्थिर असणाऱ्या वनस्पतींसाठी चौकट, फिरणाऱ्या व खूण करता येण्याजोग्या प्राण्यांसाठी पुनर्ग्रहण, आणि दुरून दिसणाऱ्या किंवा ऐकू येणाऱ्या पक्ष्यांसाठी रेषीय मार्ग व बिंदूगणना, अशी सर्वसाधारण विभागणी पुढे स्थिरावली.

वनपिंगळ्याच्या बाबतीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी १९९८ पासून पद्धतशीर सर्वेक्षण केले. उत्तर महाराष्ट्र व नैऋत्य मध्य प्रदेशातील चार ठिकाणी मिळून त्यांना २५ पक्षी आढळले. तळोदा व तोरणमाळच्या वनांबरोबरच मेळघाटचे महत्त्व यातून पुढे आले. त्यानंतर गिरीश जठार यांनी रहमानी यांच्यासह या पक्ष्याच्या परिस्थितिकीचा अधिक तपशीलवार अभ्यास केला. प्राची मेहता, जयंत कुळकर्णी व दीपा पाटील यांनी मध्य भारतात केलेल्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि खंडवा-बऱ्हाणपूरच्या वनांतील त्याचे अस्तित्व अधोरेखित झाले. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यातूनही त्याच्या नोंदी मिळाल्या. २०१४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात आढळला, तर त्याच सुमारास गुजरातमधील डांगच्या पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली.

वाढत्या नोंदींचा परिणाम असा झाला की, आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०१८ मध्ये या पक्ष्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' असा बदलला. पक्ष्याची संख्या वाढली म्हणून हा बदल झाला, असा त्याचा अर्थ घेणे चुकीचे ठरेल. शोध घेणारे डोळे वाढले आणि ते योग्य ठिकाणी पोहोचले, हे त्यामागचे मुख्य कारण होय.

डांगमधील नोंदीमुळे एक विचारार्ह प्रश्न उपस्थित होतो. डांग आणि मांडवी ही ठिकाणे दक्षिण गुजरातच्या एकाच पट्ट्यात येतात. मग माइनर्टझहागेनची नोंद अखेर खरी ठरली, असे म्हणावे काय? तसे म्हणता येणार नाही. एखाद्या प्रदेशात पक्षी खरोखर आढळला म्हणून त्या प्रदेशाच्या नावे केलेली बनावट नोंद अस्सल होत नाही. विधान योगायोगाने वास्तवाशी जुळणे वेगळे आणि ते पुराव्याने सिद्ध होणे वेगळे.

'आढळला नाही' या नोंदीचे मोल

वनपिंगळ्याच्या इतिहासातून पुढे येणारा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा अभावाच्या नोंदीचा आहे. जीव तेथे असूनही पाहणाऱ्याला दिसत नाही, ही नेहमीची गोष्ट आहे. समजा, एका वनखंडात पक्षी निश्चित आहे आणि एका भेटीत तो दिसण्याची शक्यता ३० टक्के आहे. अशा स्थितीत एका भेटीत तो न दिसण्याची शक्यता ७० टक्के राहते. तीन स्वतंत्र भेटींनंतरही तो एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के असते. आठ भेटींनंतर ती सुमारे ६ टक्क्यांवर येते. म्हणजेच एका सकाळच्या फेरीवरून 'येथे हा जीव नाही' असा शेरा मारणे शास्त्रीय दृष्ट्या निराधार आहे. मॅकेन्झी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या व्याप्ती-प्रतिमानामुळे एकाच ठिकाणी वारंवार दिलेल्या भेटींच्या नोंदींवरून ही शक्यता मोजणे आणि अनुमानात तिचा समावेश करणे शक्य झाले.

हा केवळ गणिताचा प्रश्न नाही. धरण, रस्ता, खाण किंवा वनजमिनीचा अन्य वापर यांसाठी परवानगी मागताना परिसरातील जीवांची यादी जोडली जाते. यादीत नाव नसलेला जीव त्या निर्णयप्रक्रियेत मोजला जात नाही. घाईघाईने केलेल्या सर्वेक्षणातील 'आढळला नाही' हा शेरा पुढे 'अस्तित्वात नाही' असा वाचला जातो आणि ढोलींचे जुने वृक्ष तोडण्यास तोच आधार ठरू शकतो. ११३ वर्षे हरवलेला मानला गेलेला पक्षी तालुक्याच्या गावाजवळ राहत होता, ही वस्तुस्थिती असे शेरे वाचताना स्मरणात ठेवणे आवश्यक आहे.

महाविद्यालयीन अभ्यासासाठी दिशा

पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास हा विषय अनिवार्य झाल्यापासून क्षेत्रभेट व प्रकल्पलेखन हे त्याचे अंग बनले आहे. खानदेशातील महाविद्यालयांतून दरवर्षी असे असंख्य प्रकल्प लिहिले जातात. त्यांना पुढील शिस्त लावल्यास त्यांतून प्रदेशाचा मोलाचा दप्तरसंग्रह उभा राहू शकेल.

पहिली बाब स्तरित निवडीची. सोयीच्या रस्त्यालगतची जागा निवडण्याऐवजी काळ्या मातीचे मैदान, नदीकाठ, पायथा व डोंगरउतार असे स्तर पाडून प्रत्येक स्तरात यादृच्छिक रीतीने जागा निवडाव्यात. दुसरी बाब मापाची. गवत व लहान वनस्पतींसाठी १ × १ मीटर, झुडपांसाठी ५ × ५ मीटर आणि वृक्षांसाठी १० × १० मीटर अशा प्रचलित चौकटी सातत्याने वापराव्यात, म्हणजे एका वर्षाची तुलना दुसऱ्या वर्षाशी करता येईल. तिसरी बाब प्रयत्नांच्या नोंदीची. तारीख, वेळ, स्थळ, हवामान, निरीक्षकांची संख्या व चाललेले अंतर यांसह काहीही न दिसलेल्या भेटीसुद्धा लिहून ठेवाव्यात. चौथी बाब पडताळणीची. छायाचित्र, ध्वनिमुद्रण किंवा वनस्पतींच्या बाबतीत वाळविलेला नमुना यांपैकी काही ना काही पुरावा जतन करावा. पाचवी बाब स्थानिक ज्ञानाची. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांना वृक्षांच्या ढोली, पक्ष्यांचे आवाज व ऋतूंनुसार होणारे बदल यांची जी माहिती असते, ती सांगणाऱ्याच्या संमतीने व श्रेयासह नोंदविली जावी.

निष्कर्ष

जीवाचा अधिवास हवामान, मृदा, अन्न, आश्रय, स्पर्धा व भक्षण यांच्या संयुक्त परिणामाने ठरतो. परंतु आपल्यासमोर असणारा वितरणाचा नकाशा या घटकांबरोबरच शोधकांच्या वाटा, त्यांच्या पद्धती आणि त्यांचा प्रामाणिकपणा यांनीही घडलेला असतो. वनपिंगळ्याच्या बाबतीत एका अधिकाऱ्याच्या काळजीपूर्वक नोंदींनी शंभराहून अधिक वर्षांनी पक्ष्यापर्यंत पोहोचविले, तर दुसऱ्याच्या एका खोट्या चिठ्ठीने अनेक दशके अभ्यासकांची दिशाभूल केली.

डेव्हिडसनची यादी एका जिल्ह्यापुरती होती आणि तिचा पुढे असा उपयोग होईल याची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते. आज खानदेशात विद्यापीठ आहे, ठिकठिकाणी महाविद्यालये आहेत आणि उपकरणेही सहज उपलब्ध आहेत. स्थळ, काळ आणि प्रयत्न यांची चोख नोंद ठेवण्याची परंपरा या संस्थांनी सुरू केली, तर पुढील शतकातील अभ्यासकांना सातपुड्यात आज काय होते याचे उत्तर परदेशी संग्रहालयांतील चिठ्ठ्यांत शोधावे लागणार नाही. ते खानदेशातील महाविद्यालयांच्या दप्तरातच मिळू शकेल.